ग्रँटचं काम अंगावर आलंय, तर आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) अकरा वर्षं पाचवी-सहावीला शिकवलंत, आता डिस्ट्रिक्ट ऑफिसात प्रोग्राम को-ऑर्डिनेटर झालात, आणि पहिल्याच आठवड्यात डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, सुपरिंटेंडंटनी, सांगितलं की वाचन आणि आफ्टरस्कूलसाठी (शाळा सुटल्यानंतरच्या कार्यक्रमासाठी) ग्रँट, म्हणजे अनुदान, आणायला लागा. ग्रँट शोधायच्या कुठे, प्रपोजल लिहायचं कसं आणि ग्रँट रायटिंगचा सर्टिफिकेट कोर्स करावा का, हे तुम्ही विचारलंय.

मी याच राज्यात सतरा वर्षं हे काम करते आहे. त्याआधी गणित शिकवत होते. दोन डिस्ट्रिक्ट आतून पाहिली, एक साडेतीन हजार मुलांचं, दुसरं त्याच्या जवळपास तिप्पट. तुमच्याकडे किती शाळा, किती गरिबी, हिशेब बघणाऱ्या बिझनेस ऑफिसात माणसं किती, यावर बरंच काही बदलेल. तेव्हा हे सगळं त्या हिशेबाने घ्या.

आधी एक गोष्ट. ग्रँट कशा मिळवायच्या असं तुम्ही विचारताय, पण तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. कुठला कार्यक्रम करायचा हे ठरलेलं नाही आणि त्यासाठी पैसा मात्र शोधायला सांगितलाय. असं झालं की जी ग्रँट दिसेल तिच्या मापाचा कार्यक्रम शिवला जातो. मग तीन वर्षांनी पैसा थांबतो आणि शिक्षक, पालक, मुलं सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. मी स्वतः हे दोनदा केलंय, म्हणून सांगते.

दुसरं असं की बराचसा पैसा तुमच्याकडे आधीच येतो आहे. अमेरिकेत सरकारी शाळांचा बहुतेक खर्च राज्य आणि स्थानिक मालमत्ता कर उचलतात. केंद्राचा वाटा महामारीपूर्वी साधारण आठ टक्के होता. हा केंद्राचा पैसा बहुतांशी स्पर्धेने मिळत नाही, सूत्राने मिळतो. लिंडन जॉन्सन यांच्या काळात १९६५ साली जो शिक्षण कायदा झाला, त्यातलं टायटल वन, म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा भाग, हा त्याचा कणा. डिस्ट्रिक्टला किती मिळणार हे प्रामुख्याने जनगणना विभागाच्या गरिबीच्या अंदाजावर ठरतं. डिस्ट्रिक्टच्या आत कुठल्या शाळेला किती, हे बहुतेक ठिकाणी मोफत जेवणाच्या आकड्यावरून ठरतं. त्याखेरीज शिक्षक प्रशिक्षणाचं टायटल टू, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं टायटल थ्री, थोडं टायटल फोर आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा, आयडिया नावाच्या कायद्याचा पैसा. एकही प्रपोजल लिहिण्याआधी मागच्या तीन वर्षांचे हे अर्ज आणि त्यांचे अंतिम खर्च अहवाल मागवून घ्या. ग्रँटसाठीच्या राज्याच्या ईवेग या ऑनलाइन प्रणालीत सगळं पडलेलं असतं, तुम्हाला फक्त प्रवेश लागेल. मी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेले तेव्हा पहिला महिना एवढंच केलं. कुणीही न उघडणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं लायसन्स चार वर्षं टायटल वनमधून भरलं जात होतं. त्या पैशात अर्धवेळ वाचन शिक्षिका सहज आली असती. नवी ग्रँट शोधण्यापेक्षा ते लायसन्स बंद करणं फार सोपं होतं.

आता कार्यक्रम ठरवण्याबद्दल. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं शिक्षण त्यातच झालं. आमच्या एका शाळेत तिसरीचं वाचन कच्चं होतं. प्रिन्सिपलना एक वाचनाचं पॅकेज आवडलं होतं, विक्रेत्याने छान तक्ते दाखवले होते, आणि माझ्याकडे मागणी आली ती त्याच्यासाठी ग्रँट शोधण्याची. मी म्हटलं, त्या मुलांची पहिलीपासूनची हजेरी एकदा बघू. आपल्याकडे शाळेचे दिवस १८०, आणि दहा टक्के म्हणजे १८ दिवस गैरहजेरी झाली की मूल 'क्रॉनिकली ॲबसेंट' धरलं जातं. तिसरीत मागे पडलेल्यांपैकी जवळपास निम्मी मुलं पहिलीत या यादीत होती. मग आम्ही घरोघरी फोन लावले. मी, काउन्सेलर आणि स्पॅनिश बोलणारी शाळेची सेक्रेटरी. दोन कारणं पुन्हा पुन्हा आली. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलांना घर दोन मैलांपेक्षा लांब असेल तरच बसचा हक्क मिळतो. ही मुलं दीड-पावणेदोन मैलांवरची, वाटेत चौपदरी रस्ता. आणि आईवडील गोदामांत पहाटेच्या पाळीला, शाळा उघडणार पावणेनऊला. सहा वर्षांच्या पोराला एकटं सोडायचं कुणाच्या भरवशावर? पाऊस आला, बर्फ आला की मूल घरी.

ते पॅकेज आणलं असतं तर ते शाळेत नसलेल्या मुलांना शिकवणार होतं! आम्ही सकाळी सव्वासातला नाश्ता आणि वाचनाचा तास सुरू केला. त्याचं मानधन टायटल वनमधून, आणि त्या रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीपुरती बस डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या पैशातून. बसला डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची, म्हणजे शाळा मंडळाची, मंजुरी मिळायला पाच महिने लागले, कारण एका वस्तीला बस दिली की बाकीच्या चार वस्त्या रांगेत उभ्या राहतात. त्या वर्षी नवी ग्रँट एकही आली नाही आणि हजेरी मात्र सुधारली. माझ्या कामाच्या वार्षिक अहवालात ते कसं लिहायचं हा वेगळाच प्रश्न झाला, ते सोडा.

तर सुपरिंटेंडंटना परत जाऊन विचारा: वाचन म्हणजे कुणाचं वाचन? कुठली इयत्ता, कुठली शाळा, आणि ती मुलं मागे का पडली याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? हे एका पानात मावलं पाहिजे. मावत नसेल तर प्रपोजल लिहायची वेळ झालेली नाही. आणि हे पान एकट्याने ऑफिसात बसून लिहू नका. वर्गात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे हे तुमचं मोठं भांडवल, पण ते तुमच्या वर्गाचं, बाकीच्या शाळांचं नाही.

आफ्टरस्कूलसाठी तुम्ही म्हणता ती मोठी ग्रँट म्हणजे ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स. पैसा केंद्राचा, स्पर्धा राज्य घेतं, मुदत तीन ते पाच वर्षं, आणि कायद्याने एका ग्रँटची रक्कम ५० हजार डॉलरपेक्षा कमी नसते. चांगली ग्रँट आहे. पहिल्यांदा आम्हाला मिळाली तेव्हा मी बजेटमध्ये शिक्षक, साहित्य, खाऊ, सहली सगळं मांडलं आणि संध्याकाळची बस विसरले. विसरले म्हणजे, एक बस पुरेल असं धरलं. ज्या मुलांसाठी कार्यक्रम होता त्यांच्याच घरी संध्याकाळी न्यायला गाडी नव्हती. पटावर सव्वाशे, प्रत्यक्षात पन्नासच्या आतबाहेर. पुढल्या वर्षी सहलींचा पैसा बसकडे वळवायला राज्याची दुरुस्ती-मंजुरी घ्यावी लागली आणि तोपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तेव्हापासून कुठल्याही आफ्टरस्कूल बजेटमध्ये मी पहिली ओळ बसची लिहिते.

माणसांचा खर्च हा दुसरा खड्डा, आणि न्यू जर्सीत तो थोडा जास्त खोल आहे. समजा वाचन शिक्षिकेचा पगार ७२ हजार. तुम्ही बजेटमध्ये ७२ हजार लिहिले की फसलात. आरोग्य विमा धरा २५ हजार. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे साडेपाच हजार. शिवाय शिक्षकांच्या पेन्शन फंडाचा मालकाचा भार एरवी राज्य उचलतं, पण पगार केंद्राच्या ग्रँटमधून होत असेल तर तो आणि सोशल सिक्युरिटीचा वाटा डिस्ट्रिक्टने राज्याला परत करायचा असतो, आणि तो ग्रँटलाच पडतो. त्याचा दर दरवर्षी राज्य कळवतं. थोडक्यात ७२ हजारांची शिक्षिका ग्रँटला लाखाच्या बऱ्याच पुढे जाते. दुसऱ्या राज्यातली तयार प्रपोजलं बघून बजेट उतरवणाऱ्यांचा इथे हमखास घात होतो.

त्या शिक्षिकेचं पुढे काय, हाही प्रश्न आहेच. महामारीत तीन कायद्यांतून शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर आले, एसर नावाने. शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या हप्त्याच्या खर्चाची बांधिलकी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत करायची होती. तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तरीही देशभर डिस्ट्रिक्टनी त्यातून कायम स्वरूपाच्या जागा भरल्या, आम्हीसुद्धा. न्यू जर्सीत स्थानिक कराची वाढ साधारणतः वर्षाला दोन टक्क्यांवर बांधलेली आहे. त्यामुळे ग्रँट संपली की त्या जागा नेहमीच्या बजेटमध्ये ओढून घ्यायला जागाच नसते. आमच्या चार इंटरव्हेन्शनिस्टपैकी (मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणाऱ्या शिक्षिकांपैकी) दोघींना कामावरून कमी केल्याचं पत्र द्यावं लागलं. त्यातली एक मीच मुलाखत घेऊन आणलेली होती. आता जागेच्या जाहिरातीतच 'ग्रँट असेपर्यंत' असं लिहायला लावते, युनियनशी आधी बोलून घेते, आणि शक्यतो एकवेळ खर्चाच्या गोष्टींना ग्रँट लावते: प्रशिक्षण, अभ्यासक्रम लिहिण्याचं उन्हाळी मानधन, पुस्तकं. जिथे माणूसच लागतो तिथे पहिल्या वर्षी पूर्ण ग्रँट, दुसऱ्या वर्षी काही भाग डिस्ट्रिक्टचा, असं उतरतं गणित बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरकडून लेखी घेतल्याशिवाय अर्ज पुढे पाठवत नाही. ते लेखी द्यायला तयार नसतील तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

सूत्राचा पैसा तरी भरवशाचा, असं मीही म्हणायचे. ३० जून २०२५ ला केंद्राकडून राज्यांना कळवलं गेलं की १ जुलैला मिळायचे सुमारे ६.८ अब्ज डॉलर रोखून धरलेत: टायटल टू, थ्री, फोर, आफ्टरस्कूल, स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा कार्यक्रम, प्रौढ शिक्षण. महिनाअखेरीपर्यंत ते सोडल्याचं जाहीर झालं. पण उन्हाळी वर्ग जुलैत असतात. त्या चार आठवड्यांत अनेक ओळखीच्या को-ऑर्डिनेटरनी करारावर सह्या थांबवून ठेवल्या. आता मी प्रत्येक कार्यक्रमासाठी एक कागद तयार ठेवते: पैसा दोन महिने उशिरा आला तर काय चालू राहील आणि काय थांबेल.

नियमांचं पुस्तक जाडजूड आहे. सगळं इथे सांगत बसत नाही, पण नव्या माणसाचे पाय अडकतात त्या दोन-तीन जागा दाखवते.

पहिली, 'सप्लिमेंट, नॉट सप्लांट'. ग्रँटने भर घालायची, आधी होतं त्याची जागा घ्यायची नाही. टायटल टू किंवा टायटल फोरसारख्या पैशांत, मागच्या वर्षी स्थानिक पैशातून दिलेला पगार यंदा ग्रँटवर ढकललात तर तुम्ही नियम मोडला असंच धरून चालतात, आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. टायटल वनमध्ये २०१५ च्या कायद्यापासून वेगळं बघतात: डिस्ट्रिक्ट आपला स्थानिक पैसा शाळांना वाटताना टायटल वन शाळांना हात आखडता घेतं का. त्याची वाटपाची पद्धत लेखी असावी लागते. तुमच्याकडे ती आहे का, विचारा. बऱ्याचदा असते, पण ती कुठे आहे ते एकाच माणसाला ठाऊक असतं आणि तो निवृत्तीला आलेला असतो.

दुसरी, कामाच्या वेळेचा हिशेब. बजेटमध्ये आपण ठरवतो की अमुक शिक्षिका १०० टक्के टायटल वन. पण पुरावा लागतो तो प्रत्यक्ष काय काम केलं त्याचा, काय ठरवलं होतं त्याचा नाही. आमच्याकडे एक वाचन शिक्षिका अशीच पूर्ण ग्रँटवर होती. सब्स्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, मिळत नव्हते, तेव्हा प्रिन्सिपल तिला आठवड्यातून दोनतीनदा रिकाम्या वर्गावर पाठवायचे. चूक कुणाचीच वाटत नाही, वर्ग उघडा कसा ठेवणार? पण ऑडिटरनी सब्स्टिट्यूटचं रजिस्टर आणि तिने सही केलेली कामाच्या वेळेची प्रमाणपत्रं शेजारी ठेवली आणि तेवढा पगार स्थानिक पैशातून भरावा लागला. आता दर सप्टेंबरला प्रिन्सिपलांसमोर मी हीच गोष्ट सांगते. त्यांना पाठ झाली आहे, त्यातले दोघे तर माझ्या आधी शेवट सांगतात.

तिसरी जागा तारखांची. राज्यामार्फत येणारा सूत्राचा पैसा साधारण २७ महिने वापरता येतो, केंद्राच्या कायद्यातल्या टायडिंग्ज दुरुस्ती नावाच्या तरतुदीमुळे. पण टायटल वन ५० हजार किंवा त्याहून जास्त मिळत असेल तर पुढल्या वर्षात १५ टक्क्यांपेक्षा जास्त नेता येत नाही, त्यातून सूट तीन वर्षांत एकदाच. राज्याच्या स्वतःच्या मुदती आखूड असू शकतात, त्या वेगळ्या बघा. आणखी एक बारकावा: वस्तू किंवा बाहेरच्या कंत्राटदाराचं काम असेल तर लेखी बांधिलकी झाली त्या दिवशी पैसा 'गुंतला' असं धरतात, पण आपल्या कर्मचाऱ्याचा पगार मात्र त्याने काम केलं त्या दिवशी. म्हणजे ऑक्टोबरात होणाऱ्या ट्युटरिंगचं मानधन तुमचाच शिक्षक घेणार असेल तर सप्टेंबरात कागद केला म्हणून तो जुन्या ग्रँटमध्ये बसत नाही. माझे वडील जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. फेब्रुवारी लागला की त्यांचं घरी येणं रात्री दहाच्या पुढे जायचं, मार्चअखेर म्हणून. इथे आल्यावर ग्रँटची मुदत संपताना होणारी सप्टेंबरातली धावपळ पाहिली तेव्हा मला अजिबात परकं वाटलं नाही. घाईत घेतलेल्या त्या शंभर टॅब्लेटच्या खोक्यांसकट.

लहान ग्रँटबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दोन हजार डॉलर देणारी संस्था तिमाही अहवाल, फोटो, मुलांच्या प्रतिक्रिया आणि चेक घेतानाचा समारंभ मागते. नाकापेक्षा मोती जड. वर्गापुरत्या साहित्यासाठी शिक्षकांनी डोनर्सचूजसारख्या देणगीच्या वेबसाइटवर स्वतः मागावं, गावातलं एज्युकेशन फाउंडेशन असेल तर त्यांच्याकडे जावं. तुमचे तास त्यात घालू नका. फक्त आलेली वस्तू शाळेच्या नावावर नोंदली जाते आणि स्वीकारायला तुमच्या बोर्डाचे नियम पाळले जातात एवढं बघा. मी साधा हिशेब करते: अर्ज, खरेदी, अहवाल मिळून किती तास जातील, आणि तेवढ्या तासांचा आपला पगार किती. अर्धी ग्रँट त्यातच जात असेल तर सोडून देते. अपवाद एकच: ज्या संस्थेकडून पुढे मोठं काही होण्यासारखं आहे आणि ओळख हवी आहे.

मूल्यमापन मात्र सुरुवातीलाच ठरवा. ग्रँट मिळाल्यावर, कार्यक्रम अर्ध्यावर आल्यावर 'आता काय मोजू या' म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं. सुरुवातीचा आकडाच घेतलेला नसेल तर शेवटी फरक दाखवणार कशाचा? आणि जे रोज आपोआप गोळा होतं तेच मोजा: हजेरी, वर्गातल्या नेहमीच्या वाचन चाचण्या. त्यासाठी वेगळी प्रश्नावली काढलीत तर फेब्रुवारीनंतर ती कुणी भरत नाही.

आता कोर्सचं. करायला हरकत नाही, पण आत्ता नको. तुम्ही अकरा वर्षं पालकांना मुलांबद्दल सांगत आलात, तुम्हाला लिहिता येतं. प्रपोजलची भाषा दोन-तीन मंजूर अर्ज वाचून येते, आणि ते मागितले तर राज्याकडून मिळतात. त्याहून उपयोगी म्हणजे यंदा राज्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून नाव द्या. दहा अर्ज गुण देऊन वाचलेत की कुठे गुण जातात ते कायमचं कळतं. मी आमच्या राज्यात एकदा आणि शेजारच्या राज्यात एकदा केलं. बहुतेक अर्ज गरज छान मांडतात, आणि बजेट त्या गरजेशी बोलतच नाही. कोर्सचे पैसे डिस्ट्रिक्ट देणार असेल तर ग्रँट व्यवस्थापनाचा, म्हणजे युनिफॉर्म गाइडन्स या केंद्राच्या ग्रँट नियमांचा घ्या. ग्रँट रायटिंगचा नको.

आणि बिझनेस ऑफिसात ग्रँटचे हिशेब बघणारी जी व्यक्ती आहे, तिच्याशी या आठवड्यात चहा घ्या. कुठली ग्रँट किती उरली आहे, कुठल्या तारखेला काय बंद होतं, हे तिला झोपेतही सांगता येतं. बहुतेक ठिकाणी तिला कुणी कार्यक्रमाच्या बैठकीला बोलावत नाही. तुम्ही बोलवा. तिलाच विचारा, डिस्ट्रिक्टची सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या वेबसाइटवरची नोंदणी कधी संपते. ती दरवर्षी नवी करावी लागते, आणि केंद्राच्या स्पर्धेत ती चालू नसेल तर अर्ज कितीही चांगला असो, स्वीकारला जात नाही. आमची एकदा अंतिम तारखेच्या तीन दिवस आधी संपलेली निघाली होती.